आधी बांधा, मग नाव : जुनी इलेक्ट्रिक गिटार ओळखण्याची रीत

#थ्रेड #इतिहास

१/
७ मे १९६४. इंग्लंडमधील मँचेस्टर. वापरातून गेलेले विल्ब्रहॅम रोड रेल्वे स्थानक. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने एका फलाटाचा रंगमंच केला आहे. समोरच्या फलाटावर श्रोते दाटीवाटीने बसले आहेत. हवा पावसाळी. घोडागाडीतून पन्नाशीला आलेली एक स्त्री उतरते, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवते आणि पावसाचेच गाणे सुरू करते. ती सिस्टर रोझेटा थार्प.

२/
त्या कृष्णधवल चित्रफितीखाली एक वाद हटकून रंगतो : ही गिटार कोणती? एक पक्ष म्हणतो, 'एसजी'. दुसरा म्हणतो, 'लेस पॉल'. तिसरा सहज लिहून जातो, 'अँगस यंगची गिटार'. पहिले दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. तिसरा मात्र इतिहासाचीच उलटापालट करतो. ती कशी, हे पाहायचे तर गिटारचा बांधा वाचता आला पाहिजे.

३/
बांधा म्हणजे गिटारच्या धडाची घडण. तिच्यात तीन गोष्टी येतात : बाहेरची आकृती, कडांची कोरणी आणि आतली रचना. जुनी गिटार ओळखताना बहुतेकांची नजर प्रथम मानेच्या टोकावरील नावाकडे जाते, मग क्रमांकाकडे, मग रंगाकडे आणि सर्वांत शेवटी धडाकडे. हा क्रम चुकीचा आहे. तो उलटा लावला पाहिजे.

४/
इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटू नये. बखरीतील मजकूर आणि समकालीन अस्सल पत्र यांत विसंगती आढळली, तर अभ्यासक आधी पत्राचा कागद, शाई, वळण आणि मोडणी तपासतो. ताम्रपटावर राजाचे नाव आहे एवढ्यावरून तो त्या राजाचा ठरत नाही. वस्तू स्वतःबद्दल जे सांगते, ते तिच्यावर लिहिलेल्या नावाहून सहसा अधिक विश्वसनीय असते.

५/
थोडी पार्श्वभूमी. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये 'ईएस-१५०' ही गिटार बाजारात आणली. तिचे धड पोकळ होते. पिकअप तेवढा विजेचा. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या संचात आले, ते याच जातीच्या गिटारमुळे गाजले. पण आवाज वाढवला की पोकळ धड थरथरू लागे आणि ध्वनिवर्धकातून शिट्टीसारखा नाद घुमे. भरीव धडाची गिटार ही या अडचणीवरची तोड होती.

६/
कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी ही तोड अगदी सुतारी पद्धतीने काढली. अ‍ॅश लाकडाची सपाट फळी, मानेलगत एका बाजूस कापलेली खोलगट जागा, म्हणजे एक 'कटअवे', आणि चार स्क्रूंनी जोडलेली मेपलची मान. कडा सरळ, कोपरे किंचित गोलावलेले, माथ्याला फुगवटा नाही. १९५० च्या उत्तरार्धात दोन पिकअप असलेल्या या गिटारला नाव मिळाले 'ब्रॉडकास्टर'.

७/
आणि येथेच नावाच्या पुराव्याची पहिली फजिती झाली. ग्रेच कंपनी 'ब्रॉडकास्टर' याच उच्चाराच्या नावाने ड्रम विकत होती; स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाच फरक. फेब्रुवारी १९५१ मध्ये ग्रेचने हरकत घेतली. फेंडरच्या कारखान्यात छापील नावपट्ट्या तयार होत्या. कामगारांनी त्यांतील 'ब्रॉडकास्टर' हा भाग कापून टाकला आणि केवळ 'फेंडर' एवढाच तुकडा चिकटवला.

८/
त्याच वर्षी 'टेलिकास्टर' हे नाव आले. मधल्या काही महिन्यांतील बिननावाच्या गिटारींना पुढे संग्राहकांनी 'नोकास्टर' म्हटले. वर्षभराच्या आत एकाच बांध्याला एक नाव, मग अनाम अवस्था, मग दुसरे नाव. नाव हाच आधार धरणाऱ्याला येथे तीन वाद्ये दिसतील. बांधा पाहणाऱ्याला एकच दिसेल, आणि तेच खरे आहे.

९/
१९५४ मध्ये फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' आली. टेलिकास्टरच्या सरळ कडा बरगड्यांना आणि हाताच्या कोपराखाली रुततात, अशी वादकांची तक्रार होती. म्हणून नव्या धडाची मागची बाजू पोटाला लागते तेथे खोलगट कापली आणि पुढची कड हात टेकतो तेथे उतरती केली. मानेच्या दोन्ही बाजूंस कटअवे, त्यांतून पुढे आलेली दोन असमान शिंगे. तिची आकृती सर्वांना पाठ आहे. पण जुनी स्ट्रॅट वाचायची असेल तर आकृतीपेक्षा हे उतार पाहावेत.

१०/
१९५० च्या दशकातील उतार खोल आणि लांबवर गेलेले असतात. १९६० च्या दशकात आणि त्यानंतर ते हळूहळू उथळ होत गेले. लाकूडही बोलते. १९५६ पासून नेहमीच्या सनबर्स्ट रंगछटेसाठी अ‍ॅशऐवजी प्रामुख्याने अल्डर वापरले जाऊ लागले. अ‍ॅशचे रेषांकन ठळक असते, अल्डरचे सौम्य. रंगाखालून डोकावणारी ही रेषा म्हणजे जणू कागदावरचा जलचिन्हाचा ठसा.

११/
आता गिब्सनकडे वळू. मिशिगन राज्यातील कालामाझू येथील ही जुनी, प्रतिष्ठित कंपनी. लोकप्रिय गिटारवादक लेस पॉल यांचे नाव घेऊन तिने १९५२ मध्ये भरीव धडाची गिटार आणली. धड महोगनीचे, त्यावर मेपलचा कोरून फुगीर केलेला माथा, एक कटअवे आणि सोनेरी रंग. फेंडरची फळी सुताराची वाटते. गिब्सनचा माथा व्हायोलिन घडवणाऱ्याच्या परंपरेतला वाटतो.

१२/
पण 'लेस पॉल' हे नाव एका बांध्याचे कधीच नव्हते. १९५४ ची 'लेस पॉल कस्टम' संपूर्ण महोगनीची होती. तिला मेपलचा माथा नव्हता. त्याच वर्षीची 'लेस पॉल ज्युनियर' तर सपाट फळीची. १९५८ मध्ये ज्युनियरला दोन्ही बाजूंस कटअवे मिळाले. म्हणजे फुगीर व सपाट, एककाप व दोनकाप असे सगळे बांधे एकाच नावाखाली नांदत होते.

१३/
पुढची गंमत अधिक बोधप्रद आहे. सपाट फळीच्या, दोन कटअवे असलेल्या 'लेस पॉल स्पेशल'वरून दशक संपता संपता लेस पॉल यांचे नाव उतरले आणि तीच गिटार 'एसजी स्पेशल' म्हणून विकली जाऊ लागली. एसजी म्हणजे निव्वळ 'सॉलिड गिटार'. धड तेच, नाव नवे. आज 'एसजी' म्हटल्यावर जी टोकदार शिंगांची आकृती डोळ्यांपुढे येते, ती तेव्हा बाजारात आलेलीच नव्हती.

१४/
ती आली १९६१ मध्ये. पातळ महोगनीचे धड, दोन अणकुचीदार शिंगे, चहूबाजूंनी तासलेल्या कडा. जुन्या लेस पॉलची मान सोळाव्या फ्रेटपाशी धडात शिरत असे. नव्या धडात ती जवळजवळ संपूर्ण मोकळी होती. आणि या नव्या धडावर नाव कोणते? 'लेस पॉल'. स्टँडर्डवर ते मानेच्या टोकावरील छोट्या झाकणावर होते, कस्टमवर मानेच्या बुडाशी बसवलेल्या पट्टीवर.

१५/
म्हणजे १९६० मध्ये 'एसजी' नाव जुन्या लेस पॉलच्या धडावर, आणि १९६१ मध्ये 'लेस पॉल' नाव आजच्या एसजीच्या धडावर. दोन नावांनी घरे बदलावीत, तसा हा प्रकार. पुढे लेस पॉल यांचा करार संपला, १९६३ च्या सुमारास त्यांचे नाव या गिटारींवरून गेले आणि एसजी हे नाव पक्के झाले. जाड, एककाप धडाची मूळ लेस पॉल १९६८ मध्ये पुन्हा उत्पादनात आली.

१६/
आता थार्प यांची गिटार पाहावी. पांढरा रंग, तीन पिकअप, टोकदार शिंगे. बांधा सांगतो : १९६१ पूर्वीची असूच शकत नाही. ही त्या काळची 'लेस पॉल कस्टम', एसजी बांध्याची. तिला निव्वळ 'एसजी' म्हणणे हा कालविपर्यास, कारण ती विकली गेली ती लेस पॉल या नावाने. तिला निव्वळ 'लेस पॉल' म्हणणे ही दिशाभूल, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसरेच धड उभे राहते.

१७/
येथे एक आक्षेप रास्त आहे. कारखान्याने दिलेले नाव हीसुद्धा ऐतिहासिक वस्तुस्थितीच नव्हे काय? अर्थातच. म्हणून नाव पुसावे असे कोणी म्हणत नाही. नोंद करताना बांधा आणि नाव हे दोन वेगळे रकाने असावेत, एवढाच आग्रह आहे. बांध्यावरून आरंभकाळ ठरतो, नावावरून अखेरची मर्यादा मिळते, आणि दोन्हींच्या छेदातून नेमका कालखंड हाती येतो. एकाच रकान्यात दोन्ही कोंबले की हे साधन निकामी होते.

१८/
मात्र बांधा म्हणजे निव्वळ बाह्याकृती, असा समज करून घेणेही तितकेच घातक. गिब्सनची १९५८ ची 'ईएस-३३५' पाहावी. पातळ धड, दोन गोलाकार कटअवे, माथ्यावर एफ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे. दिसायला पोकळ, पण धडाच्या मधोमध मानेपासून बुडापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा. दोन्ही बाजूंस तेवढी पोकळी.

१९/
तिच्या पाठोपाठ आलेली 'ईएस-३३०' सावलीत धरली तर जवळपास तीच. पण तिच्यात मधला ठोकळा नाही. ती संपूर्ण पोकळ आहे. गिब्सनच्याच कारखान्यात घडलेली 'एपिफोन कसिनो' हे तिचे भावंड. बीटल्सच्या मॅकार्टनी, लेनन आणि हॅरिसन या तिघांनीही कसिनो वाजवली. तिला '३३५ सारखी' म्हणणारा तिच्या आवाजाचे कारणच गमावून बसतो.

२०/
फरक ओळखण्यास वाद्य उघडावे लागत नाही. छिद्रातून विजेरीचा झोत टाकावा : ३३५ मध्ये ठोकळ्याची भिंत दिसते, ३३० मध्ये पलीकडची बाजू. छायाचित्रच हाती असेल तर मान पाहावी. सुरुवातीच्या ३३० ची मान सोळाव्या फ्रेटच्या आसपास धडाला मिळते, ३३५ ची एकोणिसाव्या. मान जेवढी धडात अधिक शिरलेली, तेवढी ३३० असण्याची शक्यता अधिक.

२१/
कडाही अशाच बोलक्या. १९५० च्या दशकातील फुगीर माथ्याच्या लेस पॉलच्या कडेने जी फिकट पट्टी फिरते, म्हणजे बाइंडिंग, ती कटअवेच्या आतही तेवढीच अरुंद राहते. त्यामुळे तेथे पट्टी आणि महोगनी यांच्यामध्ये मेपलची एक चंद्रकोर उघडी दिसते. पुढच्या काळातील अनेक गिटारींत तेथे पट्टी रुंद करून मेपल झाकलेले असते. बोटाच्या पेराएवढी जागा, पण तिच्यावरून एक दशक बाद ठरवता येते.

२२/
१९६९ नंतर काही वर्षे गिब्सनने धडासाठी महोगनीचे दोन थर घेऊन मध्ये मेपलचा पातळ थर चिकटवला. कडेवर ही आडवी रेषा स्पष्ट दिसते. संग्राहक त्याला 'पॅनकेक' धड म्हणतात. १९५० च्या दशकातील म्हणून दाखवलेल्या गिटारच्या कडेवर अशी रेषा असेल, तर पुढे क्रमांक वाचण्याची तसदी घेण्याचे कारण उरत नाही.

२३/
क्रमांकावरील भिस्त तर विशेष धोक्याची. जुन्या फेंडरवर तो मानेच्या जोडावरील धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो, आणि ती पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली. ती काढून दुसऱ्या गिटारवर लावायला पाच मिनिटे पुरतात. मानेच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीखही त्या मानेची. धड कदाचित वेगळ्याच वर्षाचे.

२४/
याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी'. त्यांनी १९७० मध्ये नॅशव्हिल येथे सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड यांना दिल्या; उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जुळवून एक केली. २००४ मध्ये ती क्रिस्टीजच्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. 'ही कोणत्या सालची?' या प्रश्नाला तिच्याबाबत एका आकड्याचे उत्तर नाही, आणि तिची प्रतिष्ठा त्याने उणावत नाही. संमिश्र असणे हीच तिची हकिकत आहे.

२५/
रंगाची साक्ष त्याहून कच्ची. हॅरिसन यांची लाल 'ल्यूसी' मुळात १९५७ ची सोनेरी लेस पॉल. रंग बदलला, धड तेच राहिले. वस्त्र पाहून माणसाचे कुळ ठरवू नये, हे गिटारलाही लागू आहे.

२६/
न्यायालयांनीही या प्रश्नाला हात घातला आहे. पॉल रीड स्मिथ यांच्या एककाप गिटारविरुद्ध गिब्सनने दावा लावला. धुराने भरलेल्या बारमध्ये दुरून पाहणाऱ्याचा आकृतीमुळे गोंधळ होईल, असा एक युक्तिवाद होता. २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो अमान्य केला. २००९ मध्ये फेंडरला आपल्या धडांच्या आकृती व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मिळाल्या नाहीत; त्या आकृती एव्हाना सर्वत्र रुळल्या होत्या.

२७/
निष्कर्ष महत्त्वाचा : आकृतीवरून जात कळते, निर्माता कळत नाही. १९७० च्या दशकातील जपानी प्रतिकृतींना आज सरसकट 'लॉसूट गिटार' म्हणतात, जणू धडाच्या नकलेवरून खटला झाला. प्रत्यक्षात गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर लावलेला दावा मानेच्या टोकाच्या आकाराबद्दल होता. दंतकथा येथेही बांधा न पाहता पसरली.

२८/
या सर्वांत पणाला काय लागले आहे? एक तर पैसा. १९५८ ते १९६० मधील सनबर्स्ट लेस पॉल दोन हजारांहूनही कमी घडल्या. त्यांच्या किमती लाखो डॉलरच्या घरात आहेत. म्हणून त्याआधीच्या सोनेरी लेस पॉलचा रंग खरवडून, पिकअपच्या खाचा वाढवून त्यांचे 'सनबर्स्ट' रूपांतर करण्याचा उद्योग चालतो. कायद्याने प्रत्येक रूपांतर फसवणूक ठरत नाही. पण एक अस्सल साधन कायमचे खोडले जाते, हे निश्चित.

२९/
जुन्या हस्तलिखितावरील अक्षरे पुसून त्यावर अधिक प्रसिद्ध ग्रंथ लिहावा, त्यातला हा प्रकार. सोनेरी लेस पॉल ही अपुरी राहिलेली सनबर्स्ट नव्हे. ती आपल्या काळाचा स्वतंत्र दस्तऐवज आहे. ज्याच्या घरी आजोबांची किंवा मामांची एखादी जुनी गिटार पडून असेल, त्याने पॉलिश करण्यापूर्वी, रंग देण्यापूर्वी, छिद्रे बुजवण्यापूर्वी तिच्या कडा, मानेचा जोड, पाठ आणि खाचा यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. बुजवलेले छिद्र पुन्हा बोलत नाही.

३०/
पणाला लागलेली दुसरी गोष्ट पैशाहून मोठी आहे : स्मरणाचा क्रम. थार्प यांची पहिली ध्वनिमुद्रणे १९३८ ची. त्यांचे निधन १९७३ मध्ये झाले, आणि अँगस यंग यांचा एसी/डीसी हा बँड त्याच वर्षी स्थापन झाला. तरीही थार्प यांच्या हातातील वाद्याला यंग यांचे नाव दिले जाते. नंतर आलेल्याच्या नावाने आधीची व्यक्ती ओळखली जाते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये थार्प यांना स्थान मिळायला २०१८ साल उजाडले, त्यामागेही स्मरणाची हीच उलटी रीत असावी.

३१/
म्हणून क्रम असा असावा. प्रथम आकृती : एककाप की दोनकाप, शिंगे गोल की टोकदार. मग कडा : सपाट, उतरत्या, फुगीर की तासलेल्या. मग आतली रचना : भरीव, पोकळ की मधला ठोकळा. मग मानेचा जोड, लाकूड आणि खाचा. त्यानंतर क्रमांक, मग नाव, शेवटी रंग. आणि कोणाच्या हातात होती, हे वेगळ्या ओळीत.

३२/
मँचेस्टरच्या त्या फलाटावरील पांढऱ्या गिटारची नोंद मग अशी होईल : 'गिब्सन लेस पॉल कस्टम, धड एसजी बांध्याचे, १९६० च्या दशकाचा आरंभ, वादक सिस्टर रोझेटा थार्प.' चार लहान तुकडे. त्यांत कोणाचे नाव उसने घ्यावे लागत नाही, आणि जिचे आहे तिचे नाव गाळावेही लागत नाही.

(समाप्त)